उभी नोकरी

महिन्याचा पहिला रविवार. पगार झालेला आहे, संध्याकाळची वेळ आहे आणि आपण सहकुटुंब घराजवळच्या मोठ्या सुपरमार्केटात महिन्याचा किराणा भरायला गेलेले आहात. ढकलगाडी तांदूळ, तेल, डाळी, साबण यांनी काठोकाठ भरली आहे. बिलाच्या रांगेत आपल्यापुढे सात माणसे आहेत. आपण घड्याळाकडे पाहता, मुलाला चॉकलेटांच्या मांडणीपासून दूर ओढता, शरीराचा भार या पायावरून त्या पायावर घेता. वीस मिनिटांनी आपला क्रमांक येतो. काऊंटरमागची मुलगी एकेक वस्तू उचलते, यंत्रासमोरून फिरवते, पलीकडे सारते. "कॅरीबॅग हवी का? मोबाईल नंबर सांगता?" आपण नंबर सांगता, पैसे देता, निघता. घरी पोचल्यावर पिशव्या खाली ठेवताना आपण म्हणता, "उभे राहून राहून पाय दुखले बुवा."

त्या मुलीच्या मागे खुर्ची होती का, हे आपल्याला आठवते का?

मलाही आठवत नसे. गेली सव्वीस वर्षे मी कल्याण-डोंबिवली पट्ट्यात सामान्य डॉक्टर म्हणून व्यवसाय करतो आहे. माझ्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर अशी दोन मोठी दुकाने आहेत आणि तेथील बरीच मुलेमुली माझ्याकडे औषधाला येतात. तरीही हा प्रश्न मला सुचण्यासाठी एका मुलीला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यात माझा दोष होता, म्हणून ती हकीकत आधी सांगतो. तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मात्र बदलले आहेत.

वय तेवीस-चोवीस. बिलिंग काऊंटरवर नोकरी, ठेकेदारामार्फत. पहिल्यांदा आली ती लघवीला जळजळ होते म्हणून. मी चार नेहमीचे प्रश्न विचारले, लघवीची साधी तपासणी करवली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरी झाली. दीड महिन्याने तीच तक्रार. पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी लघवीचे कल्चर करून घेतले, औषध बदलले आणि तिला नेहमीचे वाक्य ऐकवले: "भरपूर पाणी पी, लघवी तुंबवू नकोस." हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या जणींना सांगितले आहे की ते आता विचार न करताच तोंडातून बाहेर पडते. तिने मान हलवली आणि ती गेली.

चौथ्या वेळी तिचा भाऊ तिला रिक्षातून घेऊन आला. अंगात एकशे तीन ताप, दात वाजतील अशी हुडहुडी, उजव्या कुशीत मागच्या बाजूला हात लावू देत नव्हती. जंतुसंसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत चढला होता. चार दिवस रुग्णालयात शिरेतून औषधे द्यावी लागली. तेवढ्या दिवसांचा पगार कापला गेला.

घरी आल्यावर ती टाके नसलेल्या, पण जवळजवळ तितक्याच थकव्याने दवाखान्यात येऊन बाकावर बसली असताना आमच्या दवाखान्यातील मावशींनी तिच्याशी गप्पा मारल्या. ती गेल्यावर मावशी आत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ती पोरगी पाणी पीतच नाही हो. सकाळी निघताना कपभर चहा, मग साडेतीनला डब्याबरोबर दोन घोट. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं म्हणजे सुपरवायझरला सांगायचं, गल्ला बंद करायचा, रांगेतल्या लोकांची बोलणी खायची. संडास कुठं, तर मागं गोदामाच्या पलीकडं. गर्दीच्या दिवशी ती सकाळपासून रात्रीपर्यंत एकदाच जाते."

मी जळजळ किती दिवसांची, ताप आहे का, पाळी कधी आली, हे सगळे विचारले होते. तिच्या कामाच्या जागी पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची सोय कशी आहे, हे विचारले नव्हते. तिला दिलेला माझा सल्ला पाठ्यपुस्तकाप्रमाणे अचूक होता आणि तिच्या दिवसात तो कोठेही बसत नव्हता. तिने मान हलवली ती मला वाईट वाटू नये म्हणून.

आमच्या वैद्यकशास्त्राला हे नवे नाही, ही अधिक लाजिरवाणी गोष्ट. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी 1700 साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. रुग्णाला जे प्रश्न विचारायचे त्यांत 'तुमचा व्यवसाय काय?' या प्रश्नाची भर घाला, असे त्यांनी वैद्यांना सांगितले, आणि उभ्याने काम करणाऱ्यांच्या आजारांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. पायांच्या फुगलेल्या शिरा त्यात आहेत. एमबीबीएसला आम्ही खाणकामगारांचा सिलिकोसिस शिकलो, गिरणीत कापसाच्या तंतूंमुळे होणारा बिसिनोसिस शिकलो, शिशाची विषबाधा शिकलो. दुकानात उभे राहणारा माणूस त्या यादीत कोठेच नव्हता. पुढे मुंबईत काही गिरण्यांच्या जमिनींवरच मॉल उभे राहिले. लोअर परळचा फिनिक्स हे त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले नाव. धूर आणि कापसाचा धुरळा गेला, वातानुकूलित हवा आली, आणि आपण सर्वांनी असे गृहीत धरले की आता तेथे आजारी पडण्यासारखे काही उरलेले नाही.

एसीत कसला थकवा?

हा प्रश्न या मुलामुलींना त्यांच्या घरीच विचारला जातो. "दिवसभर एसीत असतेस, दमायला काय झालं?" शेतात राबलेले आजोबा, वर्कशॉपमध्ये घाम गाळलेले वडील यांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. घाम आणि थकवा ही आपल्या मनात जोडीची गोष्ट आहे. म्हणून त्या दुकानातला दिवस कसा जातो ते मी माझ्या रुग्णांकडून समजून घेतले. आपल्यालाही सांगतो.

दुकान उघडण्याआधी तासभर यायचे. मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा. सकाळच्या छोट्या बैठकीत आजच्या स्कीम, आजचे टार्गेट सांगितले जाते, तीही उभ्यानेच. मग फ्लोअरवर असणाऱ्यांनी रात्री आलेला माल फळ्यांवर लावायचा: जुना पुढे, नवा मागे, तारखा तपासत. सगळ्यात खालच्या फळीसाठी उकिडवे बसायचे, वरच्या फळीसाठी टाचा उंचवायच्या. पाच लिटर तेलाचे डबे, दहा किलो आट्याच्या पिशव्या उचलायच्या. बिलिंगवाल्यांचे काम त्यामानाने जागच्या जागी. पण हाताची तीच हालचाल दिवसातून हजारो वेळा, कंबरेतून तोच पीळ, आणि वस्तू यंत्राने वाचली नाही की ग्राहकाच्या कपाळावर उमटणारी तीच आठी. रात्री गल्ला मोजताना शंभर रुपये कमी भरले तर अनेक ठिकाणी ते खिशातून भरायचे. निघताना झडती. शनिवार-रविवार सुटी नाही, कारण आपल्याला सुटी असते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस साप्ताहिक सुटीही पुढे ढकलली जाते. आणि रात्री दहाच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळेलच असे नाही.

यात एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. माझ्या या रुग्णांपैकी अनेकांना ही नोकरी हवी आहे. वेळेवर बँकेत जमा होणारा पगार, पीएफ, डोक्यावर छप्पर, चारचौघांत सांगता येईल असे काम; बारावी झालेल्या मुलीला आपल्या गावात याहून बरे काय मिळते, असे तिने मला विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. नोकरी सोडा, हा सल्ला डॉक्टरने देणे फार सोपे असते. म्हणून मी तो देत नाही.

आणि पूर्वीचे सगळे चांगले होते असेही नाही. जुन्या किराणा दुकानात शेठजी गादीवर बसत. साडीच्या दुकानात तर पांढऱ्याशुभ्र चादरीच्या गादीवर विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही मांडी घालून समोरासमोर बसत आणि मध्ये साड्यांचा ढीग पडे. धंद्याला 'गादी' हे नाव उगीच पडले नाही. पण त्याच दुकानात पुड्या बांधणारा, वजन करणारा, पोती उचलणारा गडी दिवसभर उभाच असे. नव्या दुकानांनी एवढेच केले की गादी काढून टाकली आणि सर्वांनाच गड्याच्या जागी उभे केले.

पायांत काय घडते

हृदयाने पायांकडे धाडलेले रक्त परत वर चढवायचे असते ते गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. हे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, तिच्यातील शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकते. शिरांच्या आत असलेल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या पावलाजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या 90 मिलिमीटरच्या आसपास असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच तो 30 च्या खाली येतो. चालणे आणि उभे राहणे यांत पायांच्या दृष्टीने केवढे अंतर आहे ते यावरून ध्यानात यावे. म्हणूनच दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या पोस्टमनपेक्षा चार फुटांच्या काऊंटरमागे खिळलेल्या मुलीचे पाय संध्याकाळी अधिक जड होतात.

वर्षानुवर्षे असा दाब राहिला की शिरा ताणल्या जातात, झडपा नीट मिटेनाशा होतात आणि रक्त खाली साचू लागते. सुरुवातीला संध्याकाळी घोट्याशी सूज येते, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ राहतो, रात्री पोटरीत गोळे येतात. मग निळसर, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागतात. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाजते, आणि एखाद्या किरकोळ ओरखड्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. आईवडिलांना हा त्रास असेल, वजन जास्त असेल किंवा गरोदरपण असेल तर हे लवकर होते. शिरा दिसू लागण्याच्या टप्प्यावर दाखवायला येणारे फार थोडे. बहुतेक जण जखम झाली की येतात.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली तर ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पायाला मालिश करू नये. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

टाचांचे दुखणे त्यामानाने निरुपद्रवी, पण छळणारे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत खिळा रुतल्यासारखे होते, चार पावले चालल्यावर जरा बरे वाटते आणि दिवसअखेर पुन्हा दुखते. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेल्या तळव्याच्या जाड पट्ट्याला आलेली ही सूज. टणक फरशी आणि पातळ तळाचे काळे गणवेशी बूट हे तिचे साथीदार. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरे माप कळते. आतला मऊ तळ वेगळा मिळतो, तो दबला की बदलावा. पाण्याची छोटी बाटली गोठवून ती फडक्यात गुंडाळावी आणि तळव्याखाली दहा मिनिटे पुढेमागे फिरवावी. घरातल्या फरशीवरही काही महिने अनवाणी चालू नये. वेदनाशामक गोळी रोज घेण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. रिकाम्या पोटी घेतलेल्या अशा गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झालेले आणि मूत्रपिंडे दुखावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

येथे एका सुरक्षारक्षकाची आठवण सांगणे भाग आहे. पन्नाशीचे गृहस्थ, दहा वर्षांचा मधुमेह. दुकानाच्या दाराशी बिलावर शिक्का मारत उभे राहण्याचे काम. त्यांचे पाय दुखत नव्हते, आणि तीच अडचण होती. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेली होती. बुटातला खिळा वर आला होता आणि दोन दिवस ते त्यावर उभे होते. घरी मोजा ओला लागला तेव्हा बायकोने पाहिले. अंगठ्याशेजारचे बोट काढावे लागले. ज्याला मधुमेह आहे आणि उभ्याचे काम आहे, त्याच्या घरच्यांनी रोज रात्री त्याचे तळवे उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. या कामाला दोन मिनिटे लागतात.

मनगटातली नस दबल्याने अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री येणाऱ्या मुंग्या, अवेळी जेवणाने वाढणारे पित्त, गर्दीच्या दिवशी सहा-सात तास न बदललेले पॅड, या तक्रारीही माझ्याकडे नेहमीच्या आहेत. प्रत्येकीवर स्वतंत्र लेख होईल. मनाविषयी एकच सांगतो. सकाळपासून रात्रीपर्यंत अनोळखी माणसांपुढे हसतमुख राहणे हेही शरीरश्रमाइतकेच थकवणारे काम आहे. ती मुलगी घरी आल्यावर कोणाशी बोलत नसेल, तर तो उर्मटपणा समजू नये. तिचे त्या दिवसाचे बोलणे संपलेले असते.

दुकानात आणि घरी

काऊंटर सोडता येत नसेल तरी पोटरीला काम देता येते. दर अर्ध्या तासाने दोन्ही टाचा पंधरा-वीस वेळा उचलून खाली टेकाव्यात. ग्राहकाला कळतही नाही. पायाखाली चार-सहा इंच उंचीची एखादी पेटी किंवा पाट मिळाला तर त्यावर आलटून पालटून एकेक पाय ठेवावा. कंबरेचा बाक त्याने सैलावतो. वजन उचलताना गुडघे वाकवून, वस्तू पोटाजवळ धरून उचलावी. शिरा फुगू लागल्या असतील तर दाब देणारे लांब मोजे मिळतात. ते सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वीच चढवायचे असतात, कारण सूज उतरल्यानंतरच्या पायावर ते काम करतात. मधुमेह असलेल्यांनी किंवा चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत.

पाणी एकदम तांब्याभर पिऊ नये. थोडे थोडे, दिवसभर प्यावे. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरते आहे. आणि दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामे झालेच पाहिजे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. जंतूंना वर चढायला फार वाट चालावी लागत नाही. लघवी वारंवार होत गेली की ते धुतले जातात, तुंबून राहिली की तेथेच वाढतात. जळजळ पुन्हा पुन्हा होत असेल तर औषधाच्या दुकानातून मागच्या वेळच्याच गोळ्या आणू नयेत. त्याने जंतू औषधाला सरावतात. माझ्या त्या रुग्णाच्या तिसऱ्या वेळच्या कल्चरमध्ये नेमके हेच दिसले होते.

घरच्यांसाठीही थोडे सांगायचे आहे. ती रात्री साडेदहाला घरी येते आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सरळ ओट्यापाशी जाऊन उभी राहते. म्हणजे अकरा तासांच्या पुढे आणखी एक तास. पोळ्या आधी होऊ शकतात, भांडी दुसऱ्या कोणी घासू शकते. तिला आल्याबरोबर वीस मिनिटे पाठीवर झोपू द्या, पायांखाली दोन-तीन उशा ठेवून. पाय छातीच्या पातळीहून वर हवेत. माझ्याकडची एक सासूबाई सुनेसाठी रोज भिंतीशी लोड लावून ठेवते. त्या सुनेची सूज उतरायला मला कोणतेही औषध द्यावे लागले नाही.

कागदावर काय आहे

आता थोडे कायद्याविषयी. डॉक्टरने यात का शिरावे, असे मलाही पूर्वी वाटे.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 44 व्या कलमात लिहिले होते की ज्या कामगारांना उभ्याने काम करावे लागते, त्यांना काम न अडवता मिळेल ती विश्रांती घेता यावी म्हणून बसण्याची योग्य सोय करावी. कारखान्यातल्या कामगाराचा हा हक्क स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात कागदावर आला. इंग्लंडमध्ये तर दुकानांतील स्त्रियांसाठी 1899 साली स्वतंत्र कायदा झाला होता: दर तीन स्त्री-विक्रेत्यांमागे किमान एक बैठक.

आपल्या देशात दुकानांसाठी हे घडले ते केरळमध्ये, आणि त्याची सुरुवात खुर्चीने नव्हे तर स्वच्छतागृहाने झाली. कोझिकोडच्या मिठाई तेरुव या बाजारपेठेतील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना लघवीला जायला जागा नव्हती. त्या पाणी पीत नसत. विजी नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने त्यांना एकत्र केले आणि 'पेणकूट्ट' ही संघटना उभी केली. आधी स्वच्छतागृहाची मागणी झाली, मग बसण्याची. 2018 मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसण्याच्या सोयीची तरतूद केली. 2021 मध्ये तमिळनाडूनेही केली. हे वाचताना मला माझ्या त्या रुग्णाची आठवण झाली. तिचा आजार कोझिकोडच्या बायकांनी फार पूर्वीच ओळखला होता.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा सध्याचा कायदा 2017 चा आहे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, कामाच्या मध्ये विश्रांती, आठवड्याची सुटी आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला या गोष्टी त्यात आहेत. गरोदर स्त्रियांसाठी तर 1961 च्या मातृत्व लाभ अधिनियमापासून वेगळी तरतूद आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्यापूर्वीचा एक महिना, या काळात स्त्रीने तशी विनंती केली तर तिला दीर्घकाळ उभे राहावे लागेल असे काम देता येत नाही. यात 'विनंती केली तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मागितल्याशिवाय हे मिळत नाही, म्हणून लेखी मागावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडावी.

आणि पगाराची पावती नीट वाचावी. तीत ईएसआयच्या नावाने 0.75 टक्के रक्कम कापली जात असेल तर आपण कर्मचारी राज्य विमा योजनेत आहात. 2017 पासून ही योजना दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू आहे. उपचार तर मिळतातच. शिवाय ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणातल्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रोख लाभ मिळतो. ठेकेदाराच्या कामगारांनाही. माझ्या रुग्णाच्या पावतीवर ती रक्कम दर महिन्याला कापली जात होती. ते कशाचे पैसे आहेत हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तिने पावती मला दाखवली ती सुद्धा रुग्णालयाचे बिल भरून झाल्यानंतर.

ती कामावर परत निघाली तेव्हा मी तिला माझ्या कागदावर लिहून दिले: 'रुग्णास मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग झालेला आहे. तिला दर तीन तासांनी लघवीस जाऊ देणे, काऊंटरवर पाण्याची बाटली ठेवू देणे आणि शक्य तेथे बसून काम करू देणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे.' दोन दिवसांनी तिच्या दुकानातून एका अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज सभ्य होता. "डॉक्टरसाहेब, आपण असं लिहून दिलंत तर उद्या सगळेच आणतील."

"ज्यांना गरज आहे त्यांनी आणावं," मी म्हणालो. यापेक्षा चांगले उत्तर मला त्या क्षणी सुचले नाही.

पुढच्या तीन महिन्यांत मी त्या दुकानातल्या नऊ जणांना अशा चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येकाला तपासून, आणि प्रत्येकाला आधी काम विचारून. शिरा फुगलेले दोघे, टाचांचे तिघे, एक सात महिन्यांची गरोदर, बाकीच्या लघवीच्या तक्रारी. मला राग येण्याऐवजी खरे तर भीती वाटत होती. एखाद्याची नोकरी माझ्या कागदामुळे जाईल की काय, अशी. कोणाची गेली नाही. गरोदर मुलीला ग्राहकसेवेच्या टेबलावर बसवले. पाण्याच्या बाटल्या काऊंटरखाली ठेवायला परवानगी मिळाली. एक मुलगा मात्र माझी चिठ्ठी दाखवायला धजला नाही, ती त्याच्या पाकिटातच राहिली.

गेल्या महिन्यात मी स्वतः साबण आणि चहा घ्यायला त्या दुकानात गेलो होतो. ती माझी रुग्ण चार नंबरच्या काऊंटरवर होती. मला पाहून हसली आणि काही न बोलता तिने बोटाने मागे दाखवले. चार आणि पाच नंबरच्या मध्ये प्लॅस्टिकचे एक उंच स्टूल होते. दोघींनी तासतास वाटून घेतले आहे, असे तिने वस्तू यंत्रासमोरून फिरवता फिरवता सांगितले. वरिष्ठ साहेब पाहणीला येतात त्या दिवशी ते गोदामात नेऊन ठेवायचे असते. लघवीचा त्रास दिवाळीनंतर पुन्हा झालेला नाही.

"कॅरीबॅग हवी का, डॉक्टर?" तिने विचारले. माझ्यामागे नऊ माणसे उभी होती.